कोठीचें भाडें

‘आपली जागा भरत आली आहे, अधिक जागा घ्यावी’ अशा अर्थाची सूचना हल्लीं सुशिक्षित घरांतून इतकी वारंवार येते कीं, मंडळींना तिचें कांहीं वाटेनासें झालें आहे. कर्ता पुरुष दरमहा किंवा दरसाल ठराविक रक्कम भरतो. त्या मोबदल्यांत कुटुंबाचीं छायाचित्रें, मुलांचीं गुणपत्रकें, घरपट्टीच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या असें सारें दूरच्या कोठल्यातरी यंत्रगृहांत ठेवलें जातें, आणि घराचा ईमेलचा पत्ताही त्याच व्यवस्थेंतून चालतो. ह्या व्यवस्थेस ‘क्लाउड’, म्हणजे मेघ, असें नांव पडलें आहे. मेघाशीं तिचें साम्य इतकेंच कीं, दोहोंवर आपली सत्ता नसते. एरव्हीं ती जमिनीवरील इमारतींत, विजेच्या बळावर चालणारी भाड्याची कोठी होय. आणि पुढील विवेचनांत मी तिला कोठीच म्हणणार आहें.

ह्या कोठीच्या भाडेकरूंना एक आशा जडलेली असते. आज ना उद्यां मालक त्याच भाड्यांत जागा वाढवून देईल, पत्रपेटी सुधारील, एकाच्या वर्गणींत सर्व कुटुंबाची सोय करील. आमचा पुतण्या गेलीं चार वर्षें ह्याच आशेवर आहे. ‘‘काका, इतक्यांत वरची वर्गणी घेऊं नका. दिवाळीपर्यंत थांबा, ते जागा वाढवणारच,’’ असें तो दर श्रावणांत म्हणतो. दिवाळ्या चार झाल्या. गेल्या वैशाखांत पेटी तुडुंब भरली व वहिनींच्या रक्ततपासणीचा अहवाल आला तसा परत गेला. त्यांचें औषध आठ दिवस लांबलें. कंपनीचें नांव घेण्याचें येथें कारण नाहीं. पेटी भरली कीं नवें पत्र आंत येऊं द्यावयाचें नाहीं, असा ह्या धंद्यांतला सर्वसाधारण रिवाजच आहे.

तेव्हां ही वाढीव जागेची आशा कितपत साधार आहे, हें पाहिलें पाहिजे. तिचा सर्वांत बोलका इतिहास अमेरिकेंत घडला, व तो ॲपल कंपनीच्या कोठीचा आहे.

इ. स. २००० च्या जानेवारींत ह्या कंपनीनें आपलीं यंत्रें वापरणाऱ्यांस ‘आयटूल्स’ नांवाची सेवा फुकट दिली. तींत २० मेगाबाइटांची कोठी व ‘मॅक डॉट कॉम’ ह्या नांवाचा ईमेलचा पत्ता होता. पत्ता सुटसुटीत, मिरविण्याजोगा. लोकांनीं तो आप्तेष्टांना, बँकांना, कचेरींत कळविला. अडीच वर्षें गेलीं. १७ जुलै २००२ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, फुकट सेवा बंद होईल. तिच्या जागीं ‘डॉट मॅक’ नांवाची सेवा येईल आणि तिची वार्षिक वर्गणी जवळजवळ १०० डॉलर राहील. जुन्या मंडळींस पहिल्या वर्षापुरती निम्मी सूट होती. जो वर्गणी भरणार नाहीं, त्याचा पत्ता त्या सप्टेंबरअखेर बंद व्हावयाचा होता. ज्यानें तो पत्ता सर्वत्र देऊन ठेवला होता, त्याला निवड ती काय राहिली? लग्न लागल्यावर देण्याघेण्याचीं बोलणीं काढावीं, तसा हा प्रकार होता.

वर्गणीदारांस मिळाली ती १०० मेगाबाइटांची कोठी, आणि पत्रांसाठीं वेगळी १५ मेगाबाइटांची पेटी. आज फोननें काढलेलीं चार-पांच छायाचित्रें त्या पेटींत कशींबशीं मावतील. लोकांनीं पैसे भरले आणि आशा धरली. कंपनीचे चालक स्टीव्ह जॉब्स सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनांत दर जानेवारींत व्याख्यान देत. वर्गणीदारांचे कान तिकडे लागत. २००३ सालही गेलें, परंतु मूळ वर्गणींतील जागा होती तेवढीच राहिली.

मग १ एप्रिल २००४ हा दिवस उजाडला. गूगल कंपनीनें जीमेल नांवाची पत्रपेटी जाहीर केली, व तींत १ गिगाबाइट, म्हणजे सुमारें १००० मेगाबाइट, जागा फुकट देऊं केली. त्या वेळीं हॉटमेलची फुकट पेटी २ मेगाबाइटांची व याहूची ४ मेगाबाइटांची होती. तारीख एप्रिलफुलाची असल्यामुळें पुष्कळांस ही थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. त्याच वर्षीं याहूनें आपली फुकट पेटी १०० मेगाबाइटांची केली, आणि डॉट मॅकच्या वर्गणीदारांस कोठी व पेटी मिळून २५० मेगाबाइट जागा मिळाली. २००५ च्या सप्टेंबरांत ती १ गिगाबाइट झाली, २००७ च्या ऑगस्टांत १० गिगाबाइट झाली, वर्गणी तीच. दोन वर्षांच्या आर्जवांनीं जें साधलें नाहीं, तें शेजाऱ्यानें आपलें दार उघडतांच साधलें. पुतण्याला मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, ‘‘म्हणजे जागा वाढते खरी!’’ वाढते; परंतु भाडेकरूच्या सहनशीलतेचें बक्षीस म्हणून वाढत नाहीं.

मालकाला जागेचा खर्च दिवसेंदिवस कमी पडतो, हें खरें आहे. परंतु त्या स्वस्ताईचा वाटा भाडेकरूच्या पदरांत पडेलच, असा नियम नाहीं. ह्याच कंपनीनें २०११ च्या ऑक्टोबरांत ‘आयक्लाउड’ ही नवी कोठी उघडली व प्रत्येकास ५ गिगाबाइट जागा फुकट दिली. ती आजतागायत पांचच आहे. त्या वर्षीं निघालेला ‘आयफोन फोर एस’ आरंभीं कमींत कमी १६ गिगाबाइटांचा होता. २०२५ चा ‘आयफोन सतरा’ २५६ पासून सुरू होतो. हातांतील डबा सोळापट मोठा झाला, कोठींतला फुकट कोनाडा होता तेवढाच राहिला, आणि ह्या अंतरांतूनच वर्गणीदार जन्मास येतात. गूगलचीही तीच तऱ्हा. २०१५ त त्यांनीं किंचित् घटविलेल्या प्रतीच्या छायाचित्रांस अमर्याद फुकट जागा दिली होती. १ जून २०२१ पासून नवीं छायाचित्रें १५ गिगाबाइटांच्या सामाईक मापांत मोजलीं जाऊं लागलीं, आणि त्या मापांत पत्रपेटीही येते. म्हणजे मुंजीचीं छायाचित्रें अधिक झालीं तर विजेच्या देयकाचें पत्र अडतें.

असो. मूळ कथेकडे वळूं. २००८ च्या जुलैंत डॉट मॅकचें नांव ‘मोबाइलमी’ असें झालें. ९९ डॉलरांत २० गिगाबाइट जागा. १४९ डॉलरांत पांच माणसांच्या कुटुंबाची सोय, एकाला २० व बाकीच्या चौघांना प्रत्येकीं ५. वर्गणीदारांनीं सहा वर्षें जें मागितलें होतें, त्यांतलें पुष्कळसें एका दिवसांत पदरांत पडलें. आणि त्याच दिवसांत सेवा कोलमडली! सुमारें शेंकडा एक वर्गणीदारांस कित्येक दिवस आपलीं पत्रेंच पाहतां येईनात. त्यांपैकीं कांहीं पत्रें तर कायमचींच गेलीं. ऑगस्टांत जॉब्स यांनीं आपल्या नोकरवर्गास पत्र लिहून, ही सेवा कंपनीच्या लौकिकास साजेशी नव्हती, असें कबूल केलें. वर्गणीदारांस मुदत फुकट वाढवून मिळाली. हरवलेलीं पत्रें अर्थातच मिळालीं नाहींत. पुढें आयक्लाउड निघाल्यावर ३० जून २०१२ रोजीं मोबाइलमी बंद झाली. जुना पत्ता नव्या कोठींत नेतां आला, ही गोष्ट कंपनीच्या बाजूनें सांगितलीच पाहिजे. परंतु चित्रदालन, लोकांनीं हौसेनें मांडलेलीं घरगुती संकेतस्थळें, आणि जिच्यासाठीं आरंभापासून पैसे भरले ती फायलींची कोठी, ह्यांतलें कांहींच नव्या घरीं गेलें नाहीं. ज्यानें त्यानें आपलें सामान मुदतींत उतरवून घ्यावयाचें होतें. सूचनेकडे ज्यांचें लक्ष गेलें नाहीं, त्यांच्या घरच्या छायाचित्रांचें काय झालें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

संस्कृतांत योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हामुळें तो घरोघरीं माहीत आहे. योग म्हणजे नाहीं तें मिळणें, आणि क्षेम म्हणजे मिळालेलें सुरक्षित राहणें. आपण ह्या कोठीची वर्गणी भरतों आणि वाट पाहतों ती योगाची. अधिक जागा, अधिक मोठी पेटी, अधिक माणसांची सोय. माझ्या मतें पैसे द्यावयाचे ते क्षेमासाठीं, आणि कंपनीशीं भांडावयाचें तेंही क्षेमासाठींच.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ठेवीचा विचार फार बारकाईनें केला आहे. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप येतो. याज्ञवल्क्य त्यांतूनही उपनिधि निराळा काढतो: पेटींत घालून, आंत काय आहे हें न सांगतां, दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेलें द्रव्य. तें जसें दिलें तसें परत करावयाचें. राजानें नेलें, दैवानें गेलें किंवा चोरांनीं लांबविलें, तर सांभाळणाऱ्याकडे दोष नाहीं. मात्र मागितलें असतां दिलें नाहीं आणि मग तें नष्ट झालें, तर भरपाई आणि शिवाय तितकाच दंड. त्या द्रव्यावर स्वतःच्या मर्जीनें उपजीविका केली, तर दंड आणि वाढीसह परतफेड. ज्या स्मृतीवरील मिताक्षरेच्या आधारानें आपल्या एकत्र कुटुंबाचा कायदा वाढला, त्याच स्मृतींतले हे नियम आहेत.

हल्लींचीं लांबलचक करारपत्रें वाचलीं म्हणजे राजा, दैव व चोर हे तिघेही त्यांत सुरक्षित बसलेले आढळतात. पुढच्या दोन नियमांचा मात्र शोध करावा लागतो. ठेवीवरील उपजीविकेचें म्हणावें, तर पत्रांतील मजकूर यंत्राकडून वाचवून त्याप्रमाणें जाहिराती दाखविण्याची पद्धति गूगलनें जीमेलांत कित्येक वर्षें चालविली व २०१७ सालीं ती सोडीत असल्याचें जाहीर केलें. पेटीच्या मोहोरेचें म्हणावें, तर २०२२ च्या डिसेंबरांत ॲपलनें, कंपनीलाही उघडतां येऊं नये असें कुलूप आपल्या कोठीसाठीं दिलें. तें ज्याचें त्यानें मुद्दाम लावून घ्यावें लागतें, आणि ईमेल त्याच्या बाहेरच राहते. २०२५ च्या फेब्रुवारींत ब्रिटनमधील सरकारच्या मागणीमुळें तेथील नव्या लोकांस तें कुलूप देणें कंपनीनें बंद केलें. याज्ञवल्क्यानें राजाला यादींत पहिला घातला, तो उगीच नव्हे.

तेव्हां सुधारणेची आशा करावयाचीच, तर मी प्रथम पत्त्याची करीन. जागा संपली तर विकत मिळते; पत्ता गेला तर बँक, निवृत्तिवेतनाची कचेरी, विमा, मुलांचें महाविद्यालय ह्या सर्वांना पुन्हां कळवीत बसावें लागतें, आणि तें कळविण्यासाठीं पुष्कळदां जुन्या पत्त्यावरच खुणेचें पत्र येतें. आपल्या कुटुंबाच्या नांवाचा स्वतंत्र पत्ता नोंदवून तो कोठीला जोडतां येतो. आयक्लाउडच्या पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांना ही सोय २०२१ त मिळाली. तिचा गाजावाजा फारसा झाला नाहीं. अशा पत्त्याची नोंदणी दरसाल वेळेवर नवी करीत गेलें म्हणजे कोठी बदलली तरी पत्ता आपल्याबरोबर येतो. पन्नास गिगाबाइट वाढविण्यापेक्षां मला ही सुधारणा मोलाची वाटते. पुतण्यालाही वाटूं लागली आहे, परंतु तो अजून दिवाळीची वाट पाहतो.

सामान बाहेर काढण्याची वाट उघडी आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. गूगलनें आपलीं सारीं पत्रें व चित्रें एकत्र उतरवून घेण्याची सोय ठेवली आहे. मागणी करावी लागते, मग गठ्ठे तयार होतात, आणि ते उतरविण्याचा दुवा सुमारें आठवडाभरच चालतो. म्हणून प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशीं हें काम काढूं नये. वर्षांतून एकदां तरी हें करून एक प्रत घरच्या तबकडीवर ठेवावी.

राहिला वारसाचा प्रश्न. एकत्र कुटुंबांत वर्गणी एकाच्या नांवानें, एकाच्या बँकेंतून जाते. तो माणूस गेला कीं बँकेचें खातें थांबतें, वर्गणी थांबते, आणि तेराव्याच्या आंतच पेटी भरल्याची सूचना अशा फोनवर येऊं लागते, जो उघडण्याचा संकेत कोणालाच ठाऊक नसतो. गूगलनें २०१३ सालीं, आपलें खातें अमुक महिने निपचित राहिल्यास कोणास कळवावें व काय द्यावें, हें आधीं लिहून ठेवण्याची सोय केली. ॲपलची सोय २०२१ च्या डिसेंबरांत आली. तींत नेमलेल्या वारसासाठीं एक लांब संकेत तयार होतो. तो आणि मृत्यूचा दाखला दाखविल्यावर कोठी उघडली जाते. हा संकेत कागदावर छापून घेतां येतो. ज्या घरांत मृत्युपत्र व दागिन्यांची यादी एका फडताळांत असते, तेथेंच हा कागद ठेवावा; आणि त्या फडताळाची किल्ली कोणाकडे आहे, हें सुनांनाही माहीत असूं द्यावें.