हॉटेल उघडले, भांडीवाला घरीच

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्य सरकारने हॉटेलांना निम्म्या आसनांवर रात्री दहापर्यंत गिऱ्हाईक बसवण्याची मुभा दिली. आपल्या माळशिरससह पंढरपूर, सांगोला, माढा, करमाळ्यात मात्र दोनच दिवस आधी, १३ ऑगस्टला, निर्बंध उलट कडक झाले होते.

खिडक्या-दारे उघडी ठेवण्याची अट आम्हांला पटली. करोना कोंदट खोलीत हवेतून पसरतो, नुसते टेबल पुसून भागत नाही. घास घेताना मास्क काढावाच लागतो.

दुसरी अट कामगारांच्या लसीची. दोन्ही डोस, आणि वर चौदा दिवस. तीही रास्तच. पण बंधू-भगिनींनो, हिशेब मांडून पाहा. भांडी घासणाऱ्या विशीतल्या पोराला २१ जूनला कोविशील्डचा पहिला डोस मिळाला, तर दुसरा ८४ दिवसांनी, म्हणजे १३ सप्टेंबरला. त्यावर चौदा दिवस धरले की २७ सप्टेंबर. तोवर हॉटेल चालू, आणि पोरगा घरी! उशीर काय त्याने केला? तुटवड्यामुळे मे महिन्यात राज्याने १८ ते ४४ वयाचे लसीकरणच थांबवले होते. मग या सहा आठवड्यांची मजुरी कुणाच्या खिशातून जायची? आमच्या मते निम्मी मालकाने आणि निम्मी सरकारने द्यायला हवी होती.