वादळाची आगाऊ वर्दी

ता. 11 फेब्रुवारी 2018 रोजीं जालना जिल्ह्यावर गारांचा जो मारा झाला, तो येथील शेतकरी व व्यापारी सहसा विसरणार नाहींत. त्यापूर्वीं 2014 सालीं, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, मराठवाड्यानें असेंच संकट सोसलें होतें. अशा प्रसंगीं देवाची करणी म्हणून कपाळास हात लावून बसण्याची आमची जुनी रीत आहे. ती आतां सोडली पाहिजे. कारण गारा फेकणारा ढग कसा घडतो व केव्हां घडण्याचा संभव असतो, हें शास्त्रास पुष्कळ अंशीं उमगलें आहे.

या ज्ञानाचा मोठा भाग टोर्नेडोच्या अभ्यासांतून निपजला. टोर्नेडो म्हणजे आपली उन्हाळ्यांतली वावटळ नव्हे, आणि समुद्रावरून येणारें, दिवसच्या दिवस चालणारें चक्रीवादळही नव्हे. गर्जणाऱ्या ढगाच्या पोटांतून जमिनीस टेंकलेला, बहुधा कांहीं मिनिटेंच टिकणारा तो भोवरा होय. खालीं दमट उष्ण हवा, वर थंड हवा, आणि उंचीबरोबर वाऱ्याचा वेग व दिशा बदलत गेलेली, असें झालें म्हणजे हवेस आडवा पीळ पडतो. वर चढणारा प्रवाह तो पीळ उभा करितो, व ढगच फिरूं लागतो. मोठ्या गाराही अशा ढगांत पोसतात. आमच्याकडे माघ-फाल्गुनांत वरचे पश्चिमेचे वारे दक्षिणेस सरकतात व खालीं समुद्राकडील ओलावा शिरतो, तेव्हां गारपिटीची सामग्री जुळते. टोर्नेडो मराठवाड्यांत विरळा. परंतु एप्रिल 1989 मध्यें बांगलादेशांतील माणिकगंज भागांत एकाच टोर्नेडोनें सुमारें 1,300 माणसें मारलीं.

अमेरिकेंत 1880 च्या दशकांत फिन्ले या लष्करी अधिकाऱ्यानें टोर्नेडोचीं भाकितें करून पाहिलीं. पुढें लोक भेदरतील या सबबीवर सरकारी अंदाजांतून तो शब्दच वर्ज्य झाला! लोकांच्याच हितासाठीं लोकांस अंधारांत ठेवण्याचा हा युक्तिवाद परकीय अमदानींत आम्हींही पुष्कळ ऐकला आहे. 20 मार्च 1948 रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर टोर्नेडो कोसळला. फॉबुश व मिलर या अधिकाऱ्यांनीं त्या दिवसाची हवा तपासली, 25 तारखेस तींच लक्षणें पाहून इशारा दिला, आणि त्याच सायंकाळीं टोर्नेडो तेथेंच आला. 1950 सालीं सरकारी मनाई उठली. आज डॉपलर रडार ढगांतील वाऱ्याची गति दाखवितें, तरी अमेरिकेंतही वर्दी सरासरीनें दहा-पंधरा मिनिटेंच आधीं मिळते, व पुष्कळ इशारे फुकट जातात. फुकट गेलेला इशारा म्हणजे लबाडी नव्हे, हें आमच्या थट्टेखोर मंडळींनीं लक्षांत घ्यावें.

आतां जांब समर्थचा विचार करूं. मुंबई व नागपूर या दोन्ही शहरांपासून हें गांव 300 किलोमीटरांहून दूर आहे. सोलापूर सुमारें 200 किलोमीटर. परंतु पृथ्वीच्या गोलाईमुळें तितक्या अंतरावर रडारचा किरण जमिनीपासून सुमारें चार किलोमीटर उंचावरून जातो, व त्याखालचें त्यास दिसत नाहीं. म्हणून मराठवाड्याच्या मध्यावर रडार असणें ही चैन नव्हे, हक्क आहे.

रडारखेरीजही हातीं कांहींच नाहीं असें नाहीं. हवामान खातें कांहीं तासांपुरते तातडीचे इशारे काढतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें 'दामिनी' हें साधन 20 ते 40 किलोमीटरांतील विजेची सूचना हातांतील फोनवर देतें. दोन तासांच्या सूचनेनें मोसंबीची बाग वांचणार नाहीं, हें खरें. परंतु बाजारांतील उघडा माल ताडपत्रीखालीं जाईल, आणि गडी झाडाखालीं उभा न राहतां घरांत शिरेल. बागा उक्त्या घेणाऱ्या व्यापाऱ्यांनीं हा खर्च दुसऱ्याचा मानूं नये.

जांब हें समर्थांचें जन्मस्थान; रामनवमी येते चैत्रांत, म्हणजे ऐन वळवाच्या दिवसांत. त्यापूर्वीं ग्रामपंचायत व देवस्थानचे चालक यांनीं एकत्र बसावें. इशारा कोणीं वाचावयाचा, भोंगा कोणीं वाजवावयाचा, मंडपांतील माणसें कोणत्या पक्क्या इमारतींत न्यावयाचीं, हें ठरवून नांवनिशीवार फळ्यावर लिहावें.