सन 1900 चे पाणी



अमेरिकेच्या वायव्येला ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. समुद्राकडून येणारे ढग कास्केड पर्वत अडवतो आणि पर्वताच्या पूर्वेला कोरडा, उंच मुलूख उरतो. तिकडे त्याला 'हाय डेझर्ट', म्हणजे उंचावरचे वाळवंट म्हणतात. त्यातले मोठे शहर बेंड. उंची सुमारे 3,600 फूट, वर्षाचा पाऊस 11-12 इंच, तोही बराचसा हिवाळ्यात बर्फ होऊन पडणारा. आमचा माण-आटपाडीचा शेतकरीसुद्धा याहून जास्त पाऊस बघतो. भर उन्हाळ्यात एखाद्या रात्री दहिवर गोठते, तेव्हा कापूस-ज्वारीचे नावच काढायला नको.

सरकारने 1909 च्या कायद्याने अशा कोरड्या रानात माणशी 320 एकर फुकट दिले होते. बेंडच्या आग्नेयेला फोर्ट रॉकच्या खोऱ्यात शेकडो कुटुंबे आली, कोरडवाहू धान्य पेरले आणि दहा-पंधरा वर्षांत बहुतेक सगळी उठून गेली. फुकट जमीनसुद्धा परवडली नाही!

आज त्याच मुलखात लोक भारी पैसे मोजून जमीन घेतात. बेंडची लोकसंख्या 1990 मध्ये 20 हजारांच्या आसपास होती, 2020 च्या जनगणनेत ती 99 हजारांवर गेली. निवृत्त माणूस, मोठ्या शहरातला पगारदार येतो आणि पाच-दहा एकरांसह घर घेतो. डोंगर दिसावा, दारात दोन घोडे असावेत, एवढीच त्याची हौस. स्वतःच्या पैशाने कोणी रान घेत असेल तर त्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांतला मी नाही. पण त्याच्या हातात नेमके काय पडते ते बघा. विक्रीच्या जाहिरातीत लिहिलेले असते: घर, 5 एकर, पैकी 3 एकर पाण्याखाली. सगळा भाव त्या तीन एकरांत आहे.

तिकडे नदीच्या पाण्याचा कायदा सरळ आहे. ज्याने आधी पाणी उचलले त्याचा हक्क आधी. हक्कावर तारीख असते, हक्क जमिनीला चिकटलेला असतो, आणि जमीन विकली की तारखेसकट नव्या मालकाकडे जातो. टंचाईच्या साली पाणी सगळ्यांना थोडे थोडे वाटत नाहीत. जुन्या तारखेवाल्याचे पुरे भरते, नव्याचे तोडले जाते. घरच्या विहिरीला परवाना लागत नाही, पण त्या पाण्यावर अर्ध्या एकरापर्यंत हिरवळ आणि घरची बाग एवढेच. शेती करायची तर हक्काचा कागद हवा.

बेंडच्या भोवतीच्या कालव्यांचे हक्क 1900 आणि 1907 चे. त्याच डेशूट्स नदीवर खाली उत्तरेला मॅड्रस गावाकडे नॉर्थ युनिट नावाचे लाभक्षेत्र आहे, सुमारे 58 हजार एकरांचे. तिथे शेती हाच धंदा. गाजराचे बी, गवताचे बी, गहू. पण त्यांची तारीख 1913 ची. त्यांची मदार विकीअप धरणावर, आणि त्या धरणातून एका बेडकाच्या रक्षणासाठी हिवाळ्यात पाणी सोडण्याचे बंधनही आले आहे. 2020 पासून तीन वर्षे अवर्षण पडले. मॅड्रसच्या शेतकऱ्याला नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पाणी मिळाले आणि त्याने रानेच्या राने पडीक टाकली. वरच्या अंगाला घोड्यांच्या कुरणावर आणि हौसेच्या गवतावर 1900 चे पाणी चालूच होते.

घोडेवाला मुद्दाम वाईट वागतो असे नाही. कायदाच त्याला वागायला लावतो. सलग पाच वर्षे पाणी वापरले नाही तर हक्क बुडतो. हक्क बुडाला की जमिनीचा भाव पडला. मग गरज असो नसो, तो पाणी सोडत राहतो. 1987 च्या कायद्याने हक्काचे पाणी नदीतच ठेवण्यासाठी भाड्याने देता येते आणि तो वापर धरला जातो. दुसऱ्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला ते द्यायचे म्हटले की मात्र परवानग्यांचा फेरा सुरू होतो. ज्याला पाणी नको त्याच्याकडे ते आहे, ज्याला हवे तो पैसे मोजायला तयार आहे, आणि मधे कायदा पाय पसरून बसला आहे. मला विचाराल तर 1900 च्या हक्काला हात लावू नये. तो विकायची, भाड्याने द्यायची मोकळीक तेवढी द्यावी. मॅड्रसचा शेतकरी बाकीचे बघून घेईल.

कालव्यांची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. ते लाव्हाच्या भेगाळ खडकातून खोदलेले आहेत, पाण्याचा मोठा हिस्सा वाटेतच जिरतो. पाइपात घातले तर ते वाचेल. काही ठिकाणी घातले, आणि वाचलेले पाणी नॉर्थ युनिटला मिळू लागले. पण कालव्याकाठी घरे घेतलेल्यांनी विरोध केला, कारण खिडकीतून दिसणारे वाहते पाणी जाईल! कालव्याच्या काही तुकड्यांची ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदही झाली.

हे तुम्हाला का सांगतो? 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने आपल्याकडेही पाण्याच्या हक्काची भाषा आली. हक्क मिळतो तो लाभक्षेत्रातल्याला. ज्याच्या रानाला पाटच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोणती तारीख? आणि शहराभोवतीच्या फार्महाऊसमागे जमिनीबरोबर कोणाचे पाणी सरकते आहे? आपापल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत पाटाखालच्या किती जमिनीची खरेदीखते झाली, ती कोणी घेतली आणि आज तिथे काय पिकते, याची गावनिहाय यादी प्रत्येकाने जिल्हा बैठकीला घेऊन यावी. तलाठ्याकडे फेरफाराची नोंदवही आहे, ती बघायला मागा.