नाच पुरे, संकलक दाखवा!

फिल्मफेअरचा सोहळा मी शाळेत असल्यापासून टीव्हीवर बघतोय. तेच ते नाच, तेच सूत्रसंचालकांचे शिळे विनोद, पहिल्या रांगेतल्या ताऱ्यांचे क्लोजअप... आणि ज्यांनी सिनेमा घडवला ते कुठायत?

२०२४ साली हा सोहळा गुजरातेत झाला. संकलन, ध्वनी, वेशभूषा वगैरे पुरस्कार २७ जानेवारीलाच उरकले. २८ची मुख्य रात्र ताऱ्यांची! का, तर म्हणे प्रेक्षकांना तांत्रिक पुरस्कारांत रस नसतो.

ऑस्करवाल्यांनीही हे करून पाहिलंय. २०२२ साली संकलन, ध्वनी, संगीत अशी आठ पारितोषिकं थेट प्रक्षेपणाच्या आधीच वाटली आणि नंतर कार्यक्रमात त्यांची काटछाट केलेली दृश्यं जोडली. म्हणजे संकलकाचा सत्कारच कात्रीखाली! 'ड्यून'ला त्या वर्षी सहा ऑस्कर मिळाली, त्यातली चार अशी मागच्या दाराने. भरपूर टीका झाली आणि २०२३ मध्ये सगळे विभाग परत थेट प्रक्षेपणात आले.

आम्हा आयटीवाल्यांना हे नवीन नाही. रिलीजच्या पार्टीत केक मॅनेजर कापतो, रात्रभर बग शोधणारा टेस्टर फोटोतही नसतो. पण निदान आम्ही त्याला पुरस्कार सोहळा म्हणत नाही!

आणि मुळात, दाखवल्याशिवाय रस येणार कुठून? एकच प्रसंग आधी पार्श्वसंगीताशिवाय आणि मग संगीतासकट दाखवा. दोन मिनिटांचं काम. एक नाच कमी केलात की वेळ निघतो.

जमत नसेल तर सरळ 'नाचगाण्यांची रात्र' म्हणा. सिनेमाच्या नावाने कशाला?