वक्त्याचं पोट कशावर चालतं?

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला प्रेरणेचा तुटवडा कधी पडत नाही. कंपनीत दर तिमाहीला कुणीतरी पाहुणा येतो आणि कम्फर्ट झोनमधून बाहेर पडायला सांगून जातो. ऑफिसच्या बसमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवर कुणीतरी पहाटे पाचला उठण्याचे फायदे समजावत असतो. (याचं मला जरा हसू येतं. आमचे अब्बा फज्रला उठून चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवत आले, त्यांच्यावर कुणी व्हिडिओ काढला नाही.) आणि गावाकडच्या मोहल्ल्यातल्या पोरांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथं जुम्मा मुबारकच्या खालोखाल सर्वात जास्त फॉरवर्ड येतात ते पैसा, यश आणि माइंडसेटचे.

मी या वक्त्यांची टिंगल करायला बसलेलो नाही. माझ्या घरात इंजिनिअर झालेला मी पहिला. पगार ठरवताना घासाघीस करायची असते, पीएफ काढून खर्च करायचा नसतो, मीटिंगमध्ये आपलं काम आपणच सांगायचं असतं, यातलं काहीच घरी कुणी सांगू शकत नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्याचे मामा-काका तीन पिढ्या नोकरीत आहेत त्याला या गोष्टी जेवणाच्या ताटावर मिळतात. आपल्याला त्या यूट्यूबवर मिळाल्या. खर्च होऊन उरेल ते वाचवायचं नाही, वाचवून उरेल ते खर्चायचं, हे मला एका वक्त्यानेच शिकवलं आणि ते आजही उपयोगी पडतं. तेव्हा आपली मुलं हे व्हिडिओ का बघतात याचं उत्तर सोपं आहे. ती जागा रिकामी होती.

पण रिकाम्या जागेत कोण येऊन बसलंय, हे बघायला हवं.

रॉबर्ट कियोसाकींचं 'रिच डॅड पुअर डॅड' घ्या. १९९७ साली आलेलं हे पुस्तक आजही रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर दिसतं, मराठीतही मिळतं. त्यातली एक गोष्ट खरोखर कामाची आहे: जे तुमच्या खिशात पैसा आणतं ती मालमत्ता, जे खिशातून पैसा काढतं ती देणेदारी. कर्जावर बुलेट घेणाऱ्या पोराला हे कळलं तरी पुष्कळ झालं. पण त्या पुस्तकात गरीब बाप कोण आहे? शिकलेला, शिक्षण खात्यात नोकरी करणारा, सचोटीचा माणूस. आणि वाचणाऱ्याच्या मनात नकळत बसतं ते असं, की डिग्री घेऊन इमानेइतबारे नोकरी करणारा माणूस म्हणजे हरलेला माणूस. अमेरिकेतल्या ज्या घरांत दोन-तीन पिढ्या कॉलेज झालंय तिथं ही गंमत म्हणून चालते. ज्या मोहल्ल्यात पहिला पदवीधर आत्ता कुठं तयार होतोय, तिथं हे वाक्य डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या कानावर पडतं आणि तो कॉलेज सोडतो. माझ्या मावसभावानं सोडलं. 'पॅसिव्ह इन्कम' शिकवणाऱ्या एका साखळी योजनेत त्यानं खालाचं सोनं गहाण ठेवून पैसे भरले, पुढं चार मित्रांना जोडलं, आणि आता त्या चौघांच्या घरासमोरून जायचं टाळतो. पैसा गेलाच, पण मोहल्ल्यातली पत गेली ती जास्त महाग पडली.

कियोसाकींबद्दल आणखी एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांची सेमिनार भरवणाऱ्या कंपनीनं आपला वाटा मिळाला नाही म्हणून त्यांच्या कंपनीवर दावा केला. कोर्टानं सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा निकाल दिला, आणि २०१२ मध्ये रिच ग्लोबल या त्यांच्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. ते स्वतः श्रीमंतच राहिले. आपलं बुडालेलं पाच लाखांचं कर्ज असं बाजूला ठेवता येत नाही, कारण त्याला जामीन आपले मामू असतात.

माझ्या धंद्यातली एक सवय इथं कामी येते. सर्व्हर बंद पडला की आम्ही लॉग बघतो. पण जी मशीन पूर्ण मेली ती लॉगच पाठवत नाही. फक्त आलेले लॉग बघून कुणी म्हणालं की सगळं ठीक आहे, तर तो ज्युनियर आहे असं समजावं. स्टेजवर उभा असलेला यशस्वी माणूस हा आलेला लॉग आहे. त्यानंही रात्री जागून काढल्या, नोकरी सोडली, घरच्यांचा विरोध पत्करला, हे सगळं खरं असेल. पण हेच सगळं करून जे बुडाले, त्यांना हॉल भाड्यानं घेऊन कुणी बोलावत नाही. म्हणून 'मी असं केलं आणि जिंकलो' यातून 'असं केलं की जिंकतो' हे निघत नाही.

ज्या कामाचे सगळे लॉग उपलब्ध आहेत असं एक उदाहरण आपल्याकडे आहे. शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स, पोरांच्या भाषेत एफ अँड ओ. इथला प्रत्येक व्यवहार नोंदला जातो, त्यामुळे हरलेलेही मोजता येतात. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे फक्त १ टक्का. आणि तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. ही पोरं कुठून आली? बऱ्याच अंशी मोबाइलच्या पडद्यावरून, कुणाच्या तरी नफ्याचा स्क्रीनशॉट बघून.

मग तो स्क्रीनशॉट दाखवणारा कमावतो कशावर? ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीनं 'बाप ऑफ चार्ट' या नावानं ट्रेडिंग शिकवणाऱ्यांवर अंतरिम आदेश काढला. त्या आदेशानुसार, कोर्स विकून आणि सल्ला देऊन गोळा झालेली रक्कम १७ कोटींहून जास्त होती. आणि स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात निव्वळ तोटा जवळपास २ कोटी ८९ लाखांचा. म्हणजे शिकवायचं ट्रेडिंग आणि पोट भरायचं शिकवण्यावर. २०२५ च्या जानेवारीत सेबीनं नियम केला की बाजाराचं शिक्षण देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव दाखवून शिकवायचं नाही. कारण शिक्षणाच्या नावाखाली टिप्स विकल्या जात होत्या.

कुठलाही वक्ता ऐकताना मी आता हाच एक प्रश्न विचारतो. हा जे शिकवतोय त्यावर याचं पोट चालतं, की ते शिकवण्यावर चालतं? शिकवण्यावर चालणं हा गुन्हा नाही, आपल्या सरांचंही त्यावरच चालत होतं. फरक एवढाच की गणिताच्या सरांनी कधी सांगितलं नाही की माझ्या क्लासला या, सहा महिन्यांत करोडपती व्हाल.

आकडे तपासायची सवयही लावून घ्या. महिन्याला ५ हजार, २० वर्षं, १२ टक्के परतावा: वक्ता फळ्यावर ५० लाख लिहितो आणि टाळ्या पडतात. हिशोब बरोबर आहे. पण महागाई ६ टक्के धरली तर त्या ५० लाखांची आजची किंमत साडेपंधरा लाखांच्या आसपास भरते. शिवाय १२ टक्के कुणी लिहून देत नाही. तरीही दर महिन्याला बाजूला काढावेत असंच मी म्हणेन, फक्त त्यात मुंबईत फ्लॅट येईल असं समजू नये.

आता जरा आपल्या घरातली गोष्ट. व्याजाच्या प्रश्नामुळे आपल्यातले अनेक जण बँकेच्या ठेवीपासून लांब राहतात. ती ज्याची त्याची श्रद्धा, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या श्रद्धेचा बाजार कसा मांडला गेला हे बोललंच पाहिजे. बेंगळुरूच्या आयएमएनं गुंतवणूकदारांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हटलं, म्हणजे मिळणारा पैसा व्याज नव्हे, नफा. २००६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २०१९ च्या जूनमध्ये कोसळली, मालक दुबईला गेला, सुमारे दीड महिन्यानं परतल्यावर पकडला गेला. तोवर हजारो घरांतल्या मुलींच्या लग्नाचे, हजचे, म्हातारपणाचे पैसे गेले होते. मदतीचे, दानधर्माचे फोटो, ओळखीच्या मौलवींचा शब्द, सगळं होतं. ताळेबंद कुणी मागितला नव्हता. हैदराबादच्या हिरा गोल्डच्या संस्थापिकेलाही २०१८ मध्ये अटक झाली, तिथंही हाक हलालचीच होती.

हलाल हा शब्द नफ्याची हमी देत नाही. उलट, नफा-तोट्यातली भागीदारी असेल तर एखाद्या महिन्यात तोटा दिसायला हवा. दर महिन्याला ठरलेला परतावा येत असेल तर ती भागीदारी कसली? हे विचारायला फिक्ह शिकावा लागत नाही. ज्यांना शरीयतच्या चौकटीतच गुंतवणूक करायची आहे त्यांच्यासाठी सेबीच्या देखरेखीखालचे फंड आहेत. टाटा एथिकल फंड १९९६ पासून चालू आहे. तिथंही पैसा वरखाली होतो, पण हिशोब उघडा असतो. दुसरीकडे, रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगला वाट द्यावी असं सुचवलं होतं आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो विषय पुढे न्यायचा नाही असं ठरवलं, हेही नोंदवायला हवं. दार बंद असलं की माणसं खिडकीतून जातात आणि खिडकीखाली असले लोक उभे असतात.

वक्त्यांचं एक वाक्य मात्र मला मनापासून खटकतं: 'कारणं सांगू नका, यश फक्त तुमच्या विचारांवर आहे.' सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ मधला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लीम नावाला पुढचा कॉल येण्याचे ऑड्स ०.३३ निघाले. पुण्यात भाड्यानं घर शोधलेल्या कुणालाही हा आकडा नवा वाटणार नाही. त्या मुलाला जाऊन सांगायचं की तुझा माइंडसेट कमी पडला?

पण याच अभ्यासाचा कागद फडकावून 'आपलं काही होणारच नाही' म्हणत कट्ट्यावर बसणारेही मला पटत नाहीत. बग माझ्या कोडमध्ये असू शकतो, तो ज्या सर्व्हरवर चालतो तिथंही असू शकतो. दोन्ही तपासायचे असतात. अर्ज दारातच अडत असेल तर आत असलेल्या माणसानं तो आतून पुढे सरकवायचा, याला आमच्याकडे रेफरल म्हणतात. बाकी सगळ्या समाजांत हे गुपचूप चालूच असतं. आपल्यातले जे आत पोचलेत त्यातले काही जण मात्र मोहल्ल्याचा नंबर म्यूट करून ठेवतात.

यशाची गोष्टच ऐकायची असेल तर अमेरिकेतल्या व्हर्माँटचे रोनाल्ड रीड बघा. पेट्रोल पंपावर काम केलं, नंतर दुकानात साफसफाई. २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी वारले तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे ८० लाख डॉलर निघाले, बहुतेक वर्षानुवर्षं न विकलेल्या शेअर्सचे. मोठा हिस्सा गावच्या हॉस्पिटलला आणि लायब्ररीला गेला. त्यांनी एकही भाषण दिलं नाही. तेही आलेल्या लॉगपैकीच एक, हे मान्य. पण निदान काही विकत नव्हते.

आणि इतकं लांब तरी का जावं? आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी मी लहानपणापासून बघतोय. बारा जणी, दरमहा ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला पैसे. कुणाच्या घरी आजारपण असेल तर तिला चिठ्ठीशिवाय आधी. व्याज नाही, स्टेज नाही, माइक नाही. तिची मर्यादाही उघड आहे, पैसा वाढत नाही, फक्त गोळा होतो. पण शिस्त आणि हिशोब कसा ठेवावा हे त्या बायकांनी वही न चुकवता दाखवलंय.

आम्ही सात-आठ जण सध्या महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच्या घरी बसतो. कोण सॉफ्टवेअरमध्ये, कोण फार्मसीत, एक आपा सीएच्या ऑफिसात आहेत. मुलं-मुली रेझ्युमे घेऊन येतात, आम्ही आमच्या पगाराच्या स्लिपा टेबलावर ठेवतो. पगार सांगायला सुरुवातीला सगळे लाजले, आता सवय झालीय. मागच्या वेळी नवीन नोकरी लागलेल्या एका मुलीनं विचारलं, "भाई, सहा लाखांचं पॅकेज आहे, मग महिन्याला पन्नास हजार का येत नाहीत?" कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, वर्षअखेरीला कदाचित मिळणारा बोनस, हे सगळं त्या सहा लाखांतच कसं मोजलेलं असतं ते आपांनी कागदावर एकेक ओळ लिहून दाखवलं. पाऊण तास गेला. समोसे गार झाले होते, पण ती मुलगी आणि तिच्यासोबत आलेला भाऊ दोघंही तो कागद घडी करून घेऊन गेले.