आठवीनंतर कोठे?

मुंबईच्या उपनगरांतील महापालिकेच्या मराठी शाळांचा पट गेली अनेक वर्षे उतरत आहे. या उतरणीचा अर्थ लावण्याचे काम प्रशासनाने, वृत्तपत्रांनी आणि खाजगी शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी परस्पर उरकले असून तिघांचाही निष्कर्ष एकच आहे. पालकांनी सार्वजनिक शाळेविरुद्ध कौल दिला, असे ते सांगतात. गिऱ्हाईकाने दुकान बदलले की त्याचे मत कळलेच, मग त्याला वेगळे विचारावयाचे कशाला, असा हा युक्तिवाद आहे. श्रमिकांच्या वस्त्यांत वावरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांपैकीही अनेकांनी तो नकळत स्वीकारला आहे. म्हणून त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.

मानखुर्द, मालवणी किंवा दहिसर येथील घरकाम करणारी आई आणि रिक्षा चालविणारा बाप मुलाच्या पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जो हिशेब मांडतात, त्यात इंग्रजीचा उल्लेख येतो हे खरे. परंतु त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो आणि तो अधिक खोल असतो. या शाळेत दहावी होणार का? पालिकेच्या बहुसंख्य शाळा सातवी-आठवीपर्यंत पोहोचून थांबतात. प्राथमिक शाळांच्या मानाने तिच्या माध्यमिक शाळा फारच थोड्या, आणि मुलाच्या माध्यमाची माध्यमिक शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेलच याची शाश्वती नाही. म्हणजे ऐन तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला घेऊन परक्या शाळेच्या दारात उभे राहणे आले, आपल्याच आठवीतील मुले आधी सामावून घेणाऱ्या संस्थेकडे उरलेल्या जागेसाठी रदबदली करणे आले. त्यापेक्षा बालवर्गापासूनच पोटाला चिमटा घेऊन फी भरावी आणि दहावीपर्यंतची निश्चिती पदरात पाडून घ्यावी, असे जे घर ठरविते त्याला इंग्रजीच्या भुरळीचे बळी ठरविणे हा त्या घरावर अन्याय आहे. ती फी म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत विम्याचा हप्ता होय.

हा हप्ता गरिबाला का भरावा लागतो, याचे उत्तर कायद्यात आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाने प्राथमिक शिक्षण पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले. त्यापुढचे शिक्षण ऐच्छिक कामांत राहिले. १९५० आणि १९५७ साली उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत सामील झाली. तोवर स्थानकांच्या आसपासच्या मध्यमवर्गीय वस्त्यांनी आपल्या हायस्कुलांची सोय स्वतःच केली होती. विलेपार्ल्याचे पार्ले टिळक विद्यालय १९२१ सालचे आहे. त्या संस्थांचे कार्य मोठे आहे आणि त्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. पण शिक्षणसंस्था काढण्यासाठी वर्गणी देणारा, वेळ देणारा आणि सरकारदरबारी लिहू-बोलू शकणारा वर्ग लागतो. शहराच्या कडेला नेऊन टाकलेल्या माणसांपाशी यांतील काय होते? १९७६ साली, आणीबाणीच्या अंमलात, जनता कॉलनी उठवून तेथील रहिवाशांना चिता कॅम्पात हलविण्यात आले. अशा वस्त्यांत हायस्कूल उभे राहावयाचे तर ते पालिकेनेच उभारावयास हवे होते, आणि पालिकेवर तसे बंधन नव्हते. २००९ सालच्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सर्व विभागांत एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा पट्टा, तळाला असल्याचे दिसून आले. ते पाहून आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने हा खड्डा बुजविला नाही, उलट त्याच्या काठावर सरकारी शिक्का मारला. सहा ते चौदा हे त्या कायद्याचे वय, पहिली ते आठवी ही त्याची मर्यादा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक शिक्षणही सार्वत्रिक करण्याची भाषा केली. कायद्यातील वय चौदाच राहिले. नववीतील मूल म्हणजे हक्क संपलेले आणि नोकरीस अद्याप अपात्र असे मूल. बालमजुरीच्या दारातील या दोन वर्षांची जबाबदारी कायद्याने कोणाकडेही सोपविलेली नाही.

पालकांचे मत सार्वजनिक मालकीविरुद्ध आहे काय? याचा पुरावा खुद्द पालिकेनेच दिला आहे. २०२० पासून तिने आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव देण्यास प्रारंभ केला आणि जोगेश्वरीच्या पूनमनगरसारख्या ठिकाणी केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळा उघडल्या. इमारत पालिकेची, मालकी पालिकेची, फी नाही, आणि बालवर्गात पाऊल टाकलेल्या मुलाला वरच्या इयत्तांपर्यंत तेथेच शिकता येईल अशी अपेक्षा. अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. ज्या पालकांनी सार्वजनिक शाळेकडे पाठ फिरविली असे सांगितले जाते, तेच पालक सार्वजनिक शाळेच्या सोडतीत आपल्या मुलाचे नाव निघावे म्हणून प्रार्थना करीत होते! (‘पब्लिक’ हा शब्द इंग्लंडात धनिकांच्या शाळांना लागला, आपल्या देशात तो तसाच आला, आणि अखेर खरोखरच्या सार्वजनिक शाळेला प्रतिष्ठेसाठी तो उसना घ्यावा लागला, ही भाषेची थट्टा मोठी बोलकी आहे.)

अर्थात या नव्या शाळांचे निखळ स्वागत करता येणार नाही. हक्क सोडतीने वाटावयाचा नसतो. शिवाय एकाच विभागात एक शाळा केंद्रीय मंडळाची, आणि तिच्या शेजारी पट गळालेली मराठी, हिंदी वा उर्दू शाळा, अशी मांडणी झाली की सार्वजनिक शिक्षणातच नवी वर्णव्यवस्था तयार होते. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसर शाळेची कल्पना मांडली, तिच्यात एका परिसरातील सर्व मुलांनी एका शाळेत शिकावे हे अभिप्रेत होते. तिची जागा सोडतीच्या चिठ्ठीने घेऊ नये.

भाषेच्या प्रश्नाचा येथेच सरळ विचार केला पाहिजे, कारण समाजवादी चळवळ त्या बाबतीत अवघडलेली आहे. डॉ. लोहियांनी इंग्रजी हटविण्याची हाक दिली, तिच्यामागे भाषाद्वेष नव्हता. मूठभरांच्या हातातील सत्तेची किल्ली काढून घ्यावी हा हेतू होता. पण किल्ली जागच्या जागी राहिली आणि ती फिरवून पाहण्याचा प्रयत्न करणाऱ्या मोलकरणीच्या मुलाला मात्र मातृभाषेचे महत्त्व ऐकविण्यात आले. ऐकविणाऱ्यांपैकी किती जणांची मुले-नातवंडे मराठी शाळेत आहेत, हे वस्तीतील माणसाला ठाऊक असते. तो तोंडावर बोलत नाही इतकेच. पहिलीपासून हिंदी आणणारे शासननिर्णय जून २०२५ मध्ये लोकमताच्या रेट्याने मागे घ्यावे लागले, हे योग्यच झाले. त्या रेट्याचा शतांश जरी पालिकेच्या मराठी माध्यमिक वर्गांसाठी लागला असता, तरी मराठीचे अधिक भले झाले असते. मराठी माध्यमाच्या शाळेत उत्तम इंग्रजी शिकविता येते. त्यासाठी इंग्रजी जाणणारा, कायम नेमलेला शिक्षक लागतो. शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत माध्यमिक वर्गांसाठी महिना ८,००० रुपये मानधन देणाऱ्या आणि त्यानंतर ते १८,००० वर नेणाऱ्या राज्यात हा शिक्षक कोठून यावयाचा, हे पालकांना कळते. त्यांना ते कळते, हेच अनेकांना मान्य नसते.

विद्यार्थ्यांचे मत तर कोणी मतच मानीत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीचे घटक सांगितले आहेत: स्थानिक लोकप्रतिनिधी, पालक आणि शिक्षक. विद्यार्थ्याचे नाव त्यात नाही. वस्तीत अभ्यासिका चालविणाऱ्यांच्या कानी मात्र ते पडत असते. गणिताचे सर निवडणुकीच्या कामावर गेले ते परीक्षेच्या तोंडावर आले, ही तक्रार मुलांची असते. (जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक या कामांना कायद्याच्या कलम २७ नेच सूट दिली आहे.) एका इमारतीत दोन अधिवेशने आणि तीन माध्यमे, त्यामुळे प्रयोगशाळेचे कुलूप कोणी उघडावयाचे याचा निकाल लागत नाही, ही तक्रारही त्यांचीच. मुलींचे बोलणे आणखी वेगळे. नववीची शाळा रेल्वेच्या किंवा हमरस्त्याच्या पलीकडे असेल, तर घरी चर्चा अभ्यासाची होत नाही, रस्त्याची होते, आणि त्या चर्चेचा शेवट पुष्कळदा धाकट्या भावंडांना सांभाळण्यात होतो. या मुलींची गणना ‘गळती’त होते. गळते ते छप्पर. मुलीला तर रस्त्यावरून परत पाठविलेले असते.

शाळेची किंमत दहावीच्या निकालावरून करण्याची रीत तर सोडूनच दिली पाहिजे. राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के, २०१९ साली ७७.१० टक्के आणि २०२० साली ९५.३० टक्के लागला. तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुले आधी मठ्ठ आणि मग एकाएकी कुशाग्र झाली, असे कोणी म्हणणार नाही. अंतर्गत गुण काढले आणि पुन्हा दिले, एवढाच फरक मुख्यतः पडला.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्षमन यांनी १९७० साली एका छोट्या ग्रंथात असे दाखविले की ढासळणाऱ्या संस्थेपुढे तिच्या माणसांना दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते, आणि सार्वजनिक शाळेचेही. गुणवत्तेविषयी जे सर्वांत जागरूक, तेच प्रथम निघून जातात; त्यांच्याबरोबर आवाजही जातो, आणि संस्था सुधारण्याचा उरलासुरला दबाव नाहीसा होतो. उपनगरांत हेच घडले. प्रथम कारकून-शिक्षकांची मुले गेली, मग गिरणीकामगारांची, मग थोडीफार मिळकत असलेल्या फेरीवाल्यांची. आज पालिकेच्या शाळेत उरलेला पालक तक्रार करीत नाही, कारण तक्रारीला एक दिवसाची मजुरी खर्ची पडते. त्याच्या मौनाला समाधान समजले जाते आणि गेलेल्यांच्या जाण्याला कौल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून मोकळे केले. पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरविली. निकाल स्वागतार्ह आहे. तथापि २५ टक्क्यांची तरतूद हीदेखील शेवटी सोडून जाण्याचाच मार्ग आहे, भाडे सरकारने भरलेला. उरलेल्यांच्या आवाजाचे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो पक्षापुढे आहे.

आवाज उठविण्याचे साधन कायद्यात अजिबात नाही असे नाही. व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांनी पुढे केलेल्या वहीवरील अंगठ्या-सह्यांपुरती उरते. मार्च २०२२ मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर प्रशासकाच्या दीर्घ राजवटीत तर नगरसेवकाचे दारही बंद होते. पण दार बंद असताना काय करावयाचे, हे याच उपनगरांत यापूर्वी दिसले आहे. १९६१ साली पालिकेवर निवडून आलेल्या मृणाल गोरे यांना गोरेगावच्या स्त्रियांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते भाषणांमुळे नव्हे. नळाला पाणी किती वाजता येते, किती हंडे मिळतात आणि शेजारच्या बंगल्यात किती मिळतात, याचा तपशील त्या बायकांकडे होता. घराघरांतील कुरकुर त्यांनी सार्वजनिक मागणीत बदलली.

शाळेबाबतचा तपशील गोळा करणे त्याहून अवघड नाही. प्रत्येक प्रभागात पालिकेच्या शाळांतून यंदा आठवी उत्तीर्ण होणारी मुले-मुली किती, त्यांच्या माध्यमाच्या नववीच्या जागा किती आणि किती अंतरावर, गेल्या वर्षीच्या आठवीतील मुली आज कोठे आहेत, ही यादी वस्तीतील पाच-सहा कार्यकर्ते पंधरा दिवसांत करू शकतात. तिच्या आधारे त्याच इमारतीत नववी-दहावीचे वर्ग मागणारा ठराव व्यवस्थापन समितीत मांडता येईल, आणि माध्यमिक शिक्षण पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घालण्याची मागणी विधिमंडळापर्यंत नेता येईल. आठवीच्या आतील उणिवांसाठी, म्हणजे विषयशिक्षक नसणे, मुलींचे स्वच्छतागृह बंद असणे यांसाठी, कलम ३२ अन्वये कोणीही लेखी तक्रार करू शकतो आणि स्थानिक प्राधिकरणाने तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. जूनमध्ये शाळा उघडताच अर्ज दिला, तर सप्टेंबर संपण्यापूर्वी उत्तर हाती पडले पाहिजे.