इसार बुडतो तो कोणाचा?

नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारख्या गावातून शिक्षणासाठी वा रोजगारासाठी बाहेर पडणारा तरुण नंदुरबार, नाशिक किंवा सुरत गाठतो, तेव्हा त्याची पहिली गाठ पडते ती घरमालकाशी आणि दलालाशी. खोली पसंत पडताच 'टोकन' मागितले जाते. जुनी माणसे त्यालाच इसार किंवा बयाणा म्हणत. करारनामा पुढे व्हायचा असतो. पैसे मात्र आज द्यावे लागतात आणि पावती बहुधा मिळत नाही. पुढे वसतिगृहाच्या यादीत नाव लागते, ठरलेले काम हातचे जाते, किंवा घरी आजारपण उद्भवते. खोली नको, असे कळवताच उत्तर येते : "टोकन परत मिळत नाही, असा रिवाज आहे."

हा रिवाज कायद्याला कितपत मान्य आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि तो रनाळ्यात आणि सुरतेत सारखाच लागू आहे. करार मोडल्यास किती रक्कम द्यायची हे त्यात आधीच ठरलेले असले, तरी त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते, असे त्याचे कलम 74 सांगते. 1963 साली सर्वोच्च न्यायालयापुढे फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास हा खटला आला. दिल्लीतील एका मालमत्तेच्या त्या व्यवहारात 1,000 रुपये इसार म्हणून आणि 24,000 रुपये नंतर दिलेले होते. न्यायालयाने विक्रेत्याला इसाराचे 1,000 रुपये ठेवू दिले. 24,000 रुपये जप्त करू दिले नाहीत. 2015 साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, मुळात नुकसानच झालेले नसेल तर कलम 74 खाली भरपाई मागता येत नाही. खरेदीव्यवहारातील माफक इसार जप्त करण्यास न्यायालयांनी मान्यता दिली आहे, हेही लपविण्याचे कारण नाही. परंतु महिन्या-दोन महिन्यांचे भाडे 'टोकन' या नावाखाली घेऊन, दुसऱ्याच दिवशी खोली दुसऱ्याला देऊन, दोघांचेही पैसे खिशात घालणे याला वाजवी भरपाई कोणी म्हणणार नाही.

येथे आपल्याच बाजूच्या एका सवयीबद्दल बोलणे आवश्यक आहे. भाडेकरूचे गाऱ्हाणे आले की सगळी रक्कम परत करा, अशी मागणी आपण तत्काळ करतो. तालुक्याच्या गावी खोली भाड्याने देणारा प्रत्येक जण भांडवलदार नसतो. एखादी विधवा, एखादा निवृत्त शिक्षक एका खोलीच्या भाड्यावर महिन्याचे औषधपाणी भागवीत असतो. कोणाच्या शब्दाखातर दहा दिवस खोली रिकामी ठेवली आणि आलेली गिऱ्हाइके परत पाठवली, तर ते नुकसान खरे आहे. ते नाकारणारी चळवळ न्यायाची भाषा बोलू शकणार नाही.

म्हणून कसोटी एकच हवी : खोली प्रत्यक्ष किती दिवस अडून राहिली? महिना 3,000 रुपये भाडे ठरले असेल, तर एका दिवसाचे 100 रुपये होतात. दहा दिवस खोली अडली तर 1,000 रुपये कापावेत आणि टोकन 3,000 घेतले असेल तर 2,000 परत करावेत. मालकानेच शब्द फिरवला तर सगळी रक्कम परत करावी, शिवाय भाडेकरूचा जाण्यायेण्याचा खर्चही द्यावा. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्याने अशा टोकनावर एका आठवड्याच्या भाड्याची मर्यादा घातली. भाडेकरू माघार घेईल तर मालक ती रक्कम ठेवू शकतो. मालक माघार घेईल तर त्याला ती सात दिवसांत परत करावी लागते.

आपल्याकडे ही मर्यादा नाही. मुंबईच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरविले होते. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याने ती मोकळी केली. त्याच कायद्याच्या कलम 55 ने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली, हे स्वागतार्हच होते. पण टोकन दिले-घेतले जाते ते करारनाम्याच्या आधी, आणि नेमकी तीच पायरी कायद्याच्या नजरेतून सुटली आहे. केंद्राच्या 2021 च्या नमुना भाडेकरारी कायद्यात निवासी अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविलेली आहे. तो राज्यांवर बंधनकारक नाही. टोकन एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक असू नये आणि त्याची पावती सक्तीची असावी, ही मागणी राज्य सरकारकडे आग्रहाने मांडली पाहिजे.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. गावातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आपल्या शाखेने चार ओळींची चिठ्ठी लिहायला शिकवावे : किती रुपये दिले, कशासाठी दिले, खोली कोणत्या तारखेपर्यंत धरून ठेवायची, आणि माघार घेतल्यास दिवसाला किती कापायचे. खाली दोघांच्या सह्या असाव्यात. मालकाने त्यावरही पैसे अडविले, तर विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात हा अधिकार बहुसंख्यांचा आहे.

तीन हजार रुपये ही रक्कम क्षुल्लक वाटेल. शेतमजुराच्या घरी ती कित्येक दिवसांची मजुरी असते आणि ती बुडाली की मुलाचे शहरात जाणेच थांबते. हा प्रश्न किरकोळ म्हणून बाजूला सारणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.